पाठ्यपुस्तकातील काळा-पांढरा चौकोन

दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आज प्रत्येक व्यापारी घराच्या परिचयाचा आहे. ग्राहक त्यासमोर मोबाईल धरतो, रक्कम जमा होते, गल्ला उघडावाही लागत नाही. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा क्यूआर कोड तयार केला. मालाच्या मोजदादीसाठी जन्मलेली ही खूण पुढे शाळकरी मुलांच्या पुस्तकात येऊन बसली, आणि तिला तेथे नेण्यात सोलापूर जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकाचा वाटा मोठा आहे.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. इमारत मोडकळीस आलेली, शेजारी गुरांचा गोठा. मुलांच्या घरात कन्नड बोलली जाई आणि पाठ्यपुस्तक त्या भाषेत नव्हते. डिसले यांनी ती भाषा शिकून घेतली, पुस्तकांचे भाषांतर केले आणि पानोपानी क्यूआर कोड छापले. कोडसमोर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे, स्वाध्याय समोर येई. त्यांच्या प्रस्तावानंतर महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड आले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशी घोषणा केली. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा १० लाख डॉलरचा पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली.

या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याचे मर्म मात्र अनेकदा नजरेआड राहते. तेथे मोबाईल पुस्तकाची जागा घेत नव्हता. मूल आधी पान उघडी, मग त्या पानावरचा कोड त्याला नेमक्या त्याच धड्याकडे नेई. वाट आखलेली होती आणि वाटेच्या टोकाला ओळखीचे गुरुजी होते. समाजमाध्यमांची रचना नेमकी याउलट असते. तेथे एका चित्रफितीखाली दुसरी आपोआप उलगडत जाते आणि मुलाने कोठे थांबावे, हे कोणीच ठरवलेले नसते.

टाळेबंदीत हा फरक उघडा पडला. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास पोहोचला, तो जेमतेम एक तृतीयांश मुलांपर्यंत. जो पोहोचला, त्यातील बहुतांश व्हॉट्सॲपवरून. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आठवडाभरात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के.

व्यापारी कुटुंबात अडचण आणखी निराळी असते. वर्गाच्या गटात क्रमांक वडिलांचा आणि फोन दिवसभर पेढीवर. गुरुजींनी दुपारी पाठवलेला स्वाध्याय बाजारभावाच्या आणि सुप्रभाताच्या संदेशांखाली (त्यांची संख्या सर्वज्ञात आहे) दबून जातो. दुकान वाढवून वडील घरी येतात तोवर मूल पेंगुळलेले असते. आई तो स्वाध्याय घाईने वहीत उतरवते, छायाचित्र गटात जाते, गुरुजी अंगठा दाखवतात. या साऱ्या व्यवहारात मुलाने काय केले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

याच गटाचा उपयोग वेगळ्या रीतीने करता येतो. मुलाने धड्यातील एक परिच्छेद मोठ्याने वाचून आवाज मुद्रित करावा आणि शिक्षकांनी तो ऐकून एखादे वाक्य बोलून उत्तर द्यावे. चाळीस मुलांचे वाचन रोज ऐकणे शक्य नाही. रोज पाच-सहांचे ऐकता येते. आपले वाचन कोणीतरी ऐकणार आहे, एवढ्या जाणिवेने मूल परिच्छेद दोनदा वाचते. डिसले यांच्या उपक्रमांतही समोर उत्तर देणारा माणूस असे. भारत-पाकिस्तानसारख्या परस्परविरोधी देशांतील मुलांचा त्यांनी इंटरनेटवरून संवाद घडवला, तो याच धाग्यातला.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्याच २०२४ च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. मुलीच्या हाती फोन देताना घर बिचकते आणि ती भीती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाच्या कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण ती भीती मुलग्यापाशी येताच नाहीशी होते, हे विचित्र आहे. पडद्याआडचे धोके दोघांनाही सारखेच.

बहुतेक घरांत एखादा जुना स्मार्टफोन कपाटात पडून असतो. त्यातील सिम काढावे, समाजमाध्यमांची ॲप पुसावीत, शासनाचे ‘दीक्षा’ ॲप घालावे आणि तो दिवाणखान्यात सर्वांसमोर ठेवावा. पाठ्यपुस्तकातील कोड त्यावर उघडतात, धडे उतरवूनही ठेवता येतात. मग सहावीतील मुलीला विज्ञानाचा धडा संध्याकाळी सहा वाजता ऐकता येईल. दुकान बंद होण्याची वाट तिला पाहावी लागणार नाही.