पेटीचा वरचा थर

खेळात नखरा करणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. ते मी आजवर घरात, गच्चीवर आणि लोकलमध्ये किरकोळीत भांडत आलो. आज एकदाचं घाऊक भांडून टाकतो. ज्यांना नखरा आवडतो त्यांनी हा लेख ओलांडून पुढच्या लेखाकडे वळावं. तिथे मी भांडत नाही.

आधी नखरा म्हणजे काय ते ठरवू, नाहीतर भांडण रंगत नाही. कुस्तीत समोरचा गडी साधा पट काढून खाली येत असताना त्याला उगाच कलाजंगावर घ्यायला जाणं हा नखरा. हातात अलगद पडणारा झेल उडी मारून एका हाताने घेणं हा नखरा. उलथनं हाताशी असताना पोळी हवेत उडवून उलटवणं हाही नखराच, आणि तो फार तर एकदा करता येतो. नंतर घरात उलथन्याचा उपयोग वेगळ्या कामासाठी होतो. थोडक्यात, गरज नसताना केलेली अवघड गोष्ट म्हणजे नखरा. तीच गोष्ट गरजेला केली की तिला कसब म्हणतात. टाळ्या दोन्हींना सारख्याच पडतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

तुम्ही म्हणाल, करतो एखादा नखरा, करू द्या की! जरूर करू द्या. सर्कशीत करू द्या, वरातीत करू द्या. माझं भांडण नखऱ्याशी नाहीच. 'नखरा केल्याने खेळ सुधारतो' असा जो नवा सिद्धान्त निघाला आहे, त्याच्याशी आहे. आणि या सिद्धान्ताचा प्रमुख प्रचारक माझा सख्खा भाचा असून तो सध्या माझ्याच घरी जेवतो.

हा भाचा मारामारी करतो. प्रत्यक्षात तो इतका गरीब आहे की रिक्षावाल्याने 'सुट्टे नाहीत' म्हटलं की उरलेले पैसे सोडून येतो. पण पडद्यावर त्याचा हात कुणी धरू शकत नाही. त्या खेळाचं नाव टेकन. जपानीत त्याचा अर्थ पोलादी मूठ असा होतो म्हणे. दोन गडी समोरासमोर उभे, वर दोघांच्या जिवाच्या दोन पट्ट्या. ठोसा बसला की पट्टी आखडते, संपली की गडी आडवा. एकदा गडी हवेत उडाला की त्याला जमिनीला पाय टेकू न देता एकामागोमाग एक जी फटक्यांची माळ लावतात, तिला कॉम्बो म्हणतात. हे पोरखेळ आहेत असं समजू नका. २०२३ साली हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत याच जातीच्या स्ट्रीट फायटर या खेळाला पदकं होती. सुवर्णपदक नेलं ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू या चव्वेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने. ही बातमी मी कापून फ्रीजवर लावली आहे. भाचा फ्रीज उघडताना मान वळवतो.

त्याचा सिद्धान्त असा : "मामा, नुसतं जिंकून काय उपयोग? स्टाइल पाहिजे. अवघड अवघड कॉम्बो मारत राहिलं की हात बसतो, डोकं चालतं, गेम आपोआप वर जातो." या आपोआपवर त्याने दोन वर्षं काढली. गेल्या दिवाळीनंतर एका कॉलेजातल्या स्पर्धेत तो उतरला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. हरवणारा पोरगा चष्मेवाला, किडकिडीत. त्याने सबंध सामन्यात दोन लाथा आणि एक ठोसा एवढंच भांडवल वापरलं. भाचा घरी येऊन न जेवता झोपला. माझ्या घरी हे प्रथमच घडलं. म्हणून या प्रश्नाचा एकदाचा निकाल लावणं मला भाग आहे. पोराला खरोखर चांगलं खेळायचंय. नुसता टाइमपास असता तर मी लेख लिहिला नसता.

या वादातला सर्वांत चांगला मुद्दा मला एखाद्या खेळाच्या मैदानावर मिळाला नाही, एपीएमसी मार्केटात मिळाला. मुंबईतल्या गर्दीतून १९८१ साली कांदा-बटाटा वाशीला आला, १९९६ साली फळं आणि भाजी आली, आणि तेव्हापासून नवी मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीत 'घाऊक आणू, वाटून घेऊ' या आजाराची साथ दर उन्हाळ्यात येते. तर आमच्या मजल्यावरच्या चार घरांसाठी हापूसच्या पेट्या आणायला मी भाच्याला घेऊन पहाटे फळबाजारात गेलो होतो. गाळ्यावर माल उतरत होता, आम्ही बाजूला उभे होतो, आणि भाच्याने मोबाइलवर आपली एक क्लिप लावली. तीस सेकंदांची. त्यात त्याचा गडी समोरच्याला हवेत असा काही झेलत होता की हातगाडीवाल्यांनीही मान वळवली. शेजारी माथाडींच्या टोळीचे मुकादम उभे होते. साताऱ्याकडचे. दोन्ही कान मोडलेले, म्हणजे तरुणपणी लाल मातीत घुसळून निघालेला माणूस. त्यांनी क्लिप शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं,

"ह्यो समोरचा गडी कसा हाय?"

"नवशिका होता," भाचा म्हणाला.

"मंग ह्याच्यापास्नं तू काय शिकलास?"

भाचा गप्प. मुकादमांनी त्याला एवढ्यावरच सोडलं, कारण ते भले गृहस्थ आहेत. मी तितका भला नाही.

नखऱ्याची खरी खोड त्या प्रश्नात आहे. नखरा चालायला समोर कमजोर गडी लागतो. तगड्यापुढे कलाजंग करायला जाल तर तो तुम्हालाच कलाजंगासकट खाली घेईल. मग ज्याला नखऱ्याची चटक लागली तो काय करतो? तो हळूहळू कमजोर गडी शोधायला लागतो. त्याला स्वतःलाही ते कळत नाही. जोरदार गड्याशी खेळून हरण्यात क्लिप मिळत नाही, म्हणून जोरदार गडी नकोसा होतो. म्हणजे तुमचे सामने तुम्ही ठरवत नाही, तुमचा नखरा ठरवतो. आणि ज्याच्या तालमीत सगळे आपल्यापेक्षा कच्चे, तो पैलवान वर्षभर घाम गाळून तिथल्या तिथेच राहतो. फक्त टाळ्या वाढतात.

आमच्या डोळ्यांसमोर तेव्हा एक व्यापारी पेटी बघत होता. कशी बघत होता? वरच्या थरात पिवळेधमक, एका मापाचे आंबे मांडलेले होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. गवतात मनगटापर्यंत हात घातला आणि तळातला आंबा काढला. क्लिप म्हणजे पेटीचा वरचा थर, बाबा! भाव ठरतो तळावर. त्या तीस सेकंदांच्या मागे-पुढे जे शंभर डाव हरले, ते गवताखाली असतात. चष्मेवाल्या पोराने थेट तळात हात घातला, एवढंच झालं. याच बाजाराची जुनी रीत तर अशी की हापूसचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. एवढा मोठा डाव, आणि बघ्यांना दिसायचा तो फक्त रुमाल!

आणि माथाडी गोणी कसा उचलतो तेही बघा. एक वाकणं, एक हिसका, गोणी पाठीवर, चालू पडला. त्यात एक हालचाल जास्त नाही. मी मुकादमांना विचारलं, "एखादा नवा पोरगा उचलताना ऐट करतो का?" ते म्हणाले, "करतो की. दुपारपतुर." दुपारनंतर कंबर त्याला ऐटीचा अर्थ समजावून सांगते.

भाच्याची बाजू मी दाबून टाकणार नाही. तो म्हणतो, नखऱ्याने समोरचा चकित होतो. होतो ना! एकदा. दुसऱ्या वेळी तो वाट बघत असतो. उलट पट काढणार हे अख्ख्या मैदानाला ठाऊक असतं, हलगीवाल्याला ठाऊक असतं, तरी चांगल्या पैलवानाचा पट निघतोच. माहीत असूनही अडवता येत नाही, तो खरा डाव. तो म्हणतो, साध्या खेळात मन रमत नाही. हे मला मान्य आहे. रोज तेच जोर, त्याच बैठका, कंटाळा येणारच. रमण्यासाठी नखरा करावा, लिंबाच्या लोणच्यासारखा तोंडी लावावा. पण लोणच्याने पोट भरतं असं मात्र सांगत फिरू नये.

मग त्याने हुकमाचं पान काढलं. २००४ साली अमेरिकेतल्या इव्हो स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगविरुद्ध जे केलं ते. दाइगोच्या पट्टीत केसाएवढा जीव उरला होता. वाँगने पंधरा लाथांची सरबत्ती सोडली. दाइगोने एकेक लाथ अचूक क्षणी झटकून परतवली, पंधराच्या पंधरा, आणि उलट मारा करून डाव जिंकला. सगळं सभागृह उभं राहून किंचाळत होतं. "याला काय म्हणाल, मामा?"

याला मी कसब म्हणेन. कारण त्या खेळात असा मारा नुसता अडवला तरी जिवाची थोडी झीज होते, आणि दाइगोजवळ झिजायलाही काही शिल्लक नव्हतं. परतवणं ही त्याची ऐट नव्हती, उरलेली एकमेव वाट होती. ती वाट त्या क्षणी पायाखाली आली, कारण आधी कुणी बघत नसताना तो तिच्यावरून शेकडो वेळा चालला असणार. आणि जाता जाता भाच्याला मी विचारलं, त्या वर्षी स्पर्धा जिंकली कुणी? त्याला सांगता आलं नाही. अंतिम सामन्यात दाइगोला केंजी ओबाताने हरवलं. टाळ्या एकाकडे, करंडक दुसऱ्याकडे. हे वरच्या थराचं व्याकरण आहे.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला गादीवर सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा आवडता डाव ढाक. समोरच्याचं डोकं पकडीत घेऊन त्याला जमिनीवर फेकायचं. बघायला याहून दिमाखदार काय असेल? पण दुसऱ्याचं घर गहाण टाकून निघालेला माणूस दिमाखासाठी ढाक मारत नाही. तो त्याचा हातखंडा असतो, म्हणून मारतो. आपल्याला ढाक दिसते. तिच्याखालची तालीम गवतात असते.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांनी खूश होऊ नये. साधं खेळणं म्हणजे निजून राहणं नव्हे. १९१० साली लंडनमध्ये गामा पैलवानापुढे पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून अधिक चाललेल्या कुस्तीत बहुतेक वेळ मॅटवर पालथा पडून राहिला आणि बरोबरी मिळवली. इतकी बिननखऱ्याची कुस्ती जगात झाली नसेल. तिचा उपयोग? १९२८ साली पतियाळाला दोघं पुन्हा भिडले आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवलं. धोका न पत्करता जो नुसता टिकून राहतो तोही शिकत नाही. आपल्या मध्यमवर्गात ही जमात भरपूर आहे. ती स्वतःला 'तंत्रशुद्ध' म्हणवते.

तेव्हा माझा निकाल असा : अवघड गोष्ट जरूर करा, पण तालमीत करा, कुणी बघत नसताना करा आणि आपल्यापेक्षा तगड्याशी करा. तिथे ती शंभरदा फसेल, आणि शंभरदा का फसली ते कळेल. मैदानात मात्र गरजेपुरतीच बाहेर काढा. आजकाल सगळं उलटं चाललंय. सरावात आळस आणि मैदानात आतषबाजी. याला आपण बघेही जबाबदार आहोत. साध्या पटाला टाळी वाजवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

भाच्याला मी अट घातली आहे. जिंकलेली एक क्लिप दाखवायची असेल तर आधी हरलेले दोन डाव दाखवायचे, आणि का हरलो ते एका ओळीत वहीत लिहायचं. पहिले आठ दिवस त्याने क्लिपच दाखवली नाही. आता तो मुद्दाम आपल्यापेक्षा वरच्या पोरांशी खेळतो, रोज मार खातो आणि पोटभर जेवतो. वहीची एक बाजू भरली आहे. शेवटची ओळ मी चोरून वाचली : 'समोरच्याने तीच लाथ सात वेळा मारली. सातही लागल्या. उद्या फक्त ती अडवायची.'

एवढं शहाणं वाक्य त्याच्या कुठल्याच क्लिपमध्ये नव्हतं.