टकरीचा धडा कंपासने सुरू व्हावा

नोव्हेंबर २०२४मध्ये चेन्नईच्या एम. खाझिमाने अमेरिकेतल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदकं जिंकली. दोनदा जगज्जेते ठरलेले आणि अर्जुन पुरस्कार मिळवणारे मारिया इरुदयम याच शहराचे. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापनाही १९८८ साली इथेच झाली.

तरीही अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात टकरीचं उदाहरण येतं ते बिलियर्डचं. सारख्या वजनाचे दोन चेंडू, ३७ अंशांचा कोन. उत्तर ५३ अंश. ज्या टेबलाजवळ बहुतेक मुलं कधी उभीही राहिलेली नाहीत, त्यावरची टक्कर त्यांना समीकरणांतून समजून घ्यावी लागते. इथे कॅरम आणि कंपास हवा.

स्पर्धेतला स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. स्ट्रायकरचा संवेग दाखवणारा ८ सेंटिमीटरचा बाण कागदावर काढावा. बाणाच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर हा व्यास धरून वर्तुळ काढावं. आता वर्तुळावरचा कोणताही बिंदू घ्या. बाणाच्या शेपटीपासून त्या बिंदूपर्यंतची रेघ म्हणजे टकरीनंतरचा स्ट्रायकरचा संवेग. तिथून बाणाच्या टोकापर्यंतची रेघ म्हणजे सोंगटीचा.

एवढ्या आकृतीत बरंच काही दिसतं. समोरासमोर टक्कर झाली, तर स्ट्रायकरकडे निम्मा वेग उरतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपटीने सुटते. शेपटीपासून वर्तुळाला स्पर्शिका काढली, की आणखी एक गोष्ट कळते: कितीही बारीक कट मारला, तरी स्थिर सोंगटीवर आदळलेला स्ट्रायकर सुमारे साडेएकोणीस अंशांपेक्षा जास्त वळू शकत नाही.

दोन्ही वस्तू सारख्या वजनाच्या असतील, तर अख्खा बाणच वर्तुळाचा व्यास होतो. मग शाळेतलं जुनं प्रमेय मदतीला येतं: अर्धवर्तुळातला कोन काटकोन. पुस्तकातले ३७ आणि ५३ मिळून ९० का होतात, ते पाठांतराशिवाय उमगतं.

खऱ्या बोर्डावर थोडी ऊर्जा आवाजात जाते, थोडी घर्षणात. त्यामुळे मोजलेले आकडे आकृतीशी तंतोतंत जुळणार नाहीत. तो फरक का पडला, याचा शोध हाही भौतिकशास्त्राचाच अभ्यास आहे. मोबाइलच्या स्लो-मोशन चित्रीकरणावरून कोन मोजता येतात आणि त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या शिक्षण मंडळांनी हा प्रयोग अकरावीच्या प्रात्यक्षिकांत घ्यावा, आणि परीक्षेत सूत्राइतकेच गुण आकृतीलाही द्यावेत.