आधी शिवू नये म्हणतात

भाचीला सातवा लागला तेव्हा तिला भेटायला मी तिच्या सासरी गेले होते, घाटंजी तालुक्यात. दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरीच राहणार होती. माझ्या आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची चार दुपटी, सहा लंगोट आणि एक झबलं मी शिवून नेलं होतं. बाजेवर मांडलं. तिच्या आजेसासूनं एकेक कापड उचललं, नीट घडी घातली आणि सगळं माझ्या पिशवीत परत भरलं. आवाजात राग नव्हता, हात मात्र थरथरत होते. "माय, लेकरू हाती येऊ दे. मंग शिवजो. आधी शिवू नये." ती पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीनं यवतमाळला परत आले.

'आधी शिवू नये' हे आमच्या जिल्ह्यात पुसदपासून वणीपर्यंत कुठंही ऐकू येतं. पाळणा आधी आणू नये, दवाखान्याची पिशवी आधी भरू नये, बाळंतपणासाठी म्हणून पैसे वेगळे काढून ठेवू नयेत. केलं तर नजर लागते. सटवाई पाचवीच्या रात्री कपाळावर लिहिणार, तिच्याआधी आपणच लिहायला बसलो असं होतं.

ही समजूत अडाणीपणा म्हणून उडवून लावणं मला मान्य नाही. त्या आजीची दोन लेकरं पाचवीच्या आत गेली, हे भाचीनं मला नंतर सांगितलं. त्यातल्या एकाचं टोपडं तिच्या पेटीत कितीतरी वर्षं पडून होतं. ते टाकवत नव्हतं आणि पाहवतही नव्हतं. ज्या बाईनं असं टोपडं सांभाळलं, तिनं नातसुनेला 'आधी शिवू नये' म्हणावं यात माया आहे. त्या पिढीतल्या पुष्कळ घरांनी हे भोगलं आहे.

पण दुःख खरं आहे म्हणून त्यातून निघालेला उपाय खरा ठरत नाही. ती लेकरं दुपट्यामुळे गेली नव्हती. नवजात बाळं जातात ती कमी वजनानं, गारठ्यानं, जंतुसंसर्गानं, जन्मताच श्वास न घेतल्यानं. आई जाते ती रक्तस्रावानं, वाढलेल्या रक्तदाबानं, अंगात मुळात रक्तच नसल्यानं. यातलं एकही कारण शिवलेल्या झबल्यात नाही, आणि प्रत्येक कारणावर आधीपासून करून ठेवायची काही ना काही तयारी आहे.

पुरावा लांबचा नको, विदर्भातलाच घेऊ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्यांच्या खांद्याला एक पिशवी दिली. तिच्यात वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारं आवरण, श्वास देण्याचं साधन, औषधं. त्या गावांमधले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं तो अभ्यास छापला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, तिचं मूळ त्या कामात आहे. लेकरू हाती येण्याआधी भरून ठेवलेल्या पिशवीनं लेकरं वाचवली, हे आपल्याच मुलखात सिद्ध झालेलं आहे. २०२०च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता. आजीच्या काळी तो कितीतरी पट होता. जी घट झाली ती कोणीतरी आधीच काही करून ठेवलं म्हणून झाली.

कोणी म्हणेल, हे डॉक्टरांचं झालं, आमची परंपरा वेगळं सांगते. तर परंपरेकडेच जाऊ. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, नववा महिना लागण्याआधी सूतिकागार बांधून तयार ठेवायला सांगितलं आहे. तूप, तेल, मध, सैंधव, धारदार हत्यारं, खाटा, अग्नी, पाणी आणि अनेक बाळंतपणं पाहिलेल्या जाणत्या बाया, हे सगळं आधी जमवायचं. आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. त्याच आनंदीबाई पुढे अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८६ साली त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा. मूल गमावलेल्या त्या आईनं तयारीकडे पाठ फिरवली नाही. आणि ग्रंथ राहू द्या. सातव्यात ओटी भरतो, डोहाळजेवण घालतो, डिंक आणि खारका आधीच आणून ठेवतो, ती तयारी नव्हे तर काय? आईच्या लाडवांना नजर लागत नाही आणि लेकराच्या लंगोटाला लागते, हे मला पटत नाही.

दुसरी बाजू बाजाराची. यवतमाळच्या दुकानांतही आता तयारी म्हणजे खरेदी असं समजलं जातं. रंगीत गाद्या, पावडरी, वासाची तेलं, सात-आठ महिन्यांनी लागणारा वॉकर. त्या लहान जिवाला यातलं काहीही लागत नाही, आणि वॉकर तर पुढेही लागत नाही. त्याला लागतं जुनं सुती कापड, आईचं दूध, आईच्या अंगाची ऊब. नव्या कडक कापडापेक्षा जुनं धुवट कापड बाळाला बरं, ही आजीबायांची शिकवण मी डोक्यावर घेते. पण ते कापड उकळून, उन्हात वाळवून आधी ठेवलं पाहिजे. ऐन कळांत कोण उकळणार?

तिसरा आक्षेप शिकलेल्या घरांतून येतो आणि तोच मला सर्वांत धोक्याचा वाटतो. 'आता बाळंतपण दवाखान्यात होतं. दवाखाना पाहून घेईल. घरी तयारी कशाची?' दवाखाना पाहून घेतो, पण दवाखान्यात पोचल्यावर. बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशीर सांगतात. न्यायचं की नाही हे ठरवायला लागलेला उशीर, पोचायला लागलेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला उशीर. पहिले दोन उशीर घरात आणि वाटेवर होतात.

आमचा जिल्हा सोळा तालुक्यांचा. उमरखेडहून यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून जास्त किलोमीटर. उमरखेडकरांना नांदेड जवळ आणि वणीकरांना चंद्रपूर. झरी जामणी, केळापूर, मारेगावकडची कोलाम पोडं डोंगराच्या कडेला, पावसात नाला भरला की वाट बंद. दिग्रस-आर्णीकडच्या तांड्यावरून नवरा कामाला बाहेरगावी गेलेला. अशा घरात रात्री दोन वाजता पाणी गेलं तर निर्णय कोण घेणार? सासू म्हणते मुलाला विचारू. मुलाचा फोन लागत नाही. सासरा म्हणतो उजाडू दे. ही चर्चा कळांच्या वेळी करायची नसते. ती सातव्या महिन्यात, दिवसाउजेडी, ओसरीवर बसून करायची असते. कुठल्या दवाखान्यात जायचं, तो बंद पडला किंवा पुढे पाठवलं तर कुठं, १०२ किंवा १०८ ला फोन कोण करणार, गाडी आली नाही तर गावात जीप कोणाची आणि तिच्यात डिझेल आहे का, सोबत कोणती बाई येणार, घरच्या लेकराला कोण सांभाळणार, रक्त लागलं तर देणारे दोघं कोण. पावसाळ्यात तारीख असेल आणि मधे नाला असेल, तर आठवडाभर आधीच रस्त्यालगतच्या नातेवाइकाकडे येऊन राहायचं. याला मी तयारी म्हणते. यात एक रुपयाचीही खरेदी नाही.

माहेरी जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. बाई माहेरी निघते तेव्हा सोबत साड्या जातात, लाडू जातात, आणि माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहतं. तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, मागच्या सोनोग्राफीत काय निघालं, सगळं त्या कागदांत. माहेरच्या आशाताईला ती आल्याचं माहीतही नसतं. मग नव्या दवाखान्यात पहिल्यापासून तपासण्या, आणि तेवढ्यात वेळ जातो. कार्ड पदराला बांधून न्या, आणि पोचल्या दिवशीच गावच्या आशाताईला सांगा.

आता खाण्याचं. 'जास्त खाऊ नको, लेकरू मोठं होईल अन् अडंल.' 'त्या लाल गोळ्या घेऊ नको, लेकरू काळं होते.' दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि आमच्या जिल्ह्यात त्यांची किंमत फार मोठी आहे. इथं अडचण मोठ्या लेकरांची नाही, अडीच किलोच्या आत जन्मणाऱ्या लेकरांची आहे. कापूस वेचायला दिवसभर वाकलेली, सकाळी चहा आणि दुपारी चटणी-भाकर खाल्लेली बाई नवव्यात पोचते तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ११ च्या पुष्कळ खाली असतं. ते ७ च्या खाली गेलं तर बाळंतपणात थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही. लोहाच्या गोळीनं शौच काळं होतं, लेकरू नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर तीन महिने अंगणवाडीत एक वेळचं पोटभर जेवण मिळतं. ते जेवण तिचं आहे. डब्यात भरून घरी आणायचं आणि सगळ्यांत वाटायचं नाही.

चिकाबद्दल मी जरा जोरानं बोलते, कारण इथं आपण शेतकरी असूनही विसरतो. गाय व्याली की पहिलं वासरू धारेला लावतो. वासराला चीक मिळाला नाही तर ते जगत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आणि त्याच घरात बाळंतिणीचा पिवळा चीक 'वाईट दूध' म्हणून पिळून टाकतात. लेकराच्या ओठाला गूळपाणी लावतात, मध चाटवतात. त्या चार थेंबांत बाळाची रोगाशी लढायची पहिली शिदोरी असते. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीशी आलं पाहिजे. सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको, यवतमाळच्या उन्हाळ्यातही नको. मध तर वर्षभर नको, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. घरात हे कोण सांगणार आणि कोण ऐकणार, हेही बाळंतपणाआधीच ठरवून ठेवावं. बाळंतिणीच्या अंगात त्या वेळी भांडायचं बळ नसतं.

शेगडीबद्दल आजीबायांचं निम्मं बरोबर आहे. नवजात बाळाला ऊब लागते, हे त्यांनी फार आधी ओळखलं. पण बंद खोलीत बाजेखाली धुमसणारी गोवरी त्याच्या फुप्फुसात धूर भरते. ऊब आईच्या अंगाची द्यावी. उघड्या छातीवर बाळ, वरून गोधडी. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळं अशी आईच्या छातीवर ठेवून जगवली आणि आता जगभर ही पद्धत आहे. आंघोळ पहिल्या दिवशी नकोच. नाळेला राख नको, तेल नको, शेंदूर नको. ती कोरडी राहू द्यावी.

दोन गोष्टी खास आमच्या जिल्ह्याच्या. २०१७च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं इथं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष बापाच्या शर्टावरून घरात येतं. फवारून आलेल्यानं अंगणात कपडे काढावेत, आंघोळ करावी, मगच लेकराला हात लावावा. ते कपडे लंगोटांबरोबर धुवायचे नाहीत, आणि औषधाची रिकामी बाटली घरात कशालाही वापरायची नाही. दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आजार आहे. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते की बाळाला आजार होईल. वाहक दिसायला धडधाकट असतात, म्हणून दोघांचीही तपासणी हवी. आमच्याकडे बाईची होते. पुरुष 'मला काय झालं' म्हणून टाळतात. बाप होणार असाल तर सुई टोचून घ्या, ही मी तुम्हाला हात जोडून विनंती करते.

गेल्या महिन्यात मी परत घाटंजीकडे गेले. पिशवी नेली नव्हती. आजीजवळ बसले आणि त्यांच्या दोन लेकरांबद्दल विचारलं. त्या पुष्कळ वेळ बोलल्या. मग उठल्या, पेटीतून स्वतःचं एक जुनं लुगडं काढलं आणि दातानं कड तोडून त्याचे टरटर तुकडे केले. "शिवलं नाई," मला म्हणाल्या, "फाडलं हाये. फाडलेल्याले नजर लागत नाई." मी वाद घातला नाही.

ते तुकडे उकळून, वाळवून एका पिशवीत भरले आहेत. त्याच पिशवीत भाचीचं कार्ड आहे, जीपवाल्याचा नंबर आहे आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांची नावं आहेत. पिशवी दाराशेजारच्या खुंटीला आहे. भाचीला नववा लागून आज बारा दिवस झाले.