चोरीत पदव्युत्तर
इटलीतल्या उंब्रियात आमेलिया नावाचं डोंगरावरचं जुनं गाव आहे. तिथे 2009 पासून उन्हाळ्यात कलावस्तूंच्या चोरीवरचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो, असं या आठवड्यात वाचलं. तिथे गेलेली मुलगी काय शिकते असं शेजारणीने विचारलं, तर आई बिचारी ‘चोऱ्या’ म्हणत असेल का, हा माझा पहिला (आणि पोरकट) प्रश्न. मग आठवला तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातून चोरलेला चोळकालीन नटराज. सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो 2008 मध्ये सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलर मोजून घेतला. 1972 च्या पुरावशेष कायद्याआधीच मूर्ती भारताबाहेर गेल्याचे कागद सोबत होतेच. ते खोटे पाडले पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जुन्या फोटोंनी: 1994 मध्ये स्वारी देवळातच उभी! 2014 मध्ये नटराज परतला. अशा वर्गांतून तपास करणारे जरूर घडवा. पण वाचकहो, पहिल्या बाकावर बसवायला हवं ते गिऱ्हाइकाला, म्हणजे कागद बघून मान डोलावणाऱ्या संग्रहालयांच्या विश्वस्तांना. नापास झाले तर खरेदी बंद. आणि आपल्या गुरवाच्या खिशातही आता मोबाइल असतो. गाभाऱ्यातल्या मूर्तीचे पुढून-मागून फोटो काढून तालुक्याला नोंदवायला कुठली पदवी लागते?