विरजणाचा वंश तुटतो आहे

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरच्या घरांना कुलपे लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून ऊसतोड मजूर लाखोंच्या संख्येने पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. या स्थलांतरात मुलांची शाळा सुटते, बायकांचे आरोग्य ढासळते, हे अनेकांनी लिहिले आहे. ते पुरेसे लिहून झाले असे मात्र आम्हाला वाटत नाही. आज त्याच कुलपांमागे संपणाऱ्या आणखी एका गोष्टीबद्दल लिहायचे आहे. घरातले विरजण संपते. सासूकडून सुनेकडे आलेले, शेजारणीच्या वाटीतून या घरात पोचलेले जिवाणू रोजच्या दुधावर जगतात. सहा महिने दूध मिळाले नाही की ते मरतात. शेजारचे एखादे घर उघडे राहिले असेल तर विरजण पुन्हा मिळते. सारा तांडाच गेला असेल तर दुकानातल्या दह्याच्या पिशवीवर काम भागवावे लागते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा एक वंश कोणाच्या लक्षातही न येता तिथेच खुंटतो.

हे नुकसान केवळ चवीचे असते तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. लॅक्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस अशा जिवाणूंमुळे दही लागते. ते दुधातल्या शर्करेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, सामू ४.६ च्या आसपास उतरला की दुधातले केसीन साकळते. अंबाजोगाई-परळीच्या पट्ट्यापासून लातूर-धाराशिवपर्यंत वेळ अमावस्येला शेतात नेतात ते ताकाचे आणि ज्वारीच्या पिठाचे आंबील याच जातकुळीच्या जिवाणूंमुळे आंबते. कुरडईसाठी तीन दिवस भिजत घातलेल्या गव्हालाही आंबूस वास त्यांच्यामुळेच येतो. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जाणाऱ्या या भागात, फ्रीज नसलेल्या घरांत, लाल कंधारी गाईच्या नाहीतर म्हशीच्या दुधावर जे वाण वर्षानुवर्षे टिकले, ते काही गुणांमुळेच टिकले असणार. ते गुण कोणते, हे जाणून घ्यायचे तर त्या जिवाणूंचा संपूर्ण जनुकक्रम वाचावा लागतो.

आणि हे वाचन आता अवघड राहिलेले नाही. दुधातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसचा पूर्ण जनुकक्रम फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंपैकी हा पहिलाच. सुमारे २४ लाख अक्षरांचा. तेव्हा तो मोठा प्रकल्प होता. आज एका जिवाणूचा जनुकक्रम काही हजार रुपयांत आणि थोड्या दिवसांत मिळतो. त्यातून कोणता जिवाणू फोलेट किंवा रायबोफ्लेविन ही जीवनसत्त्वे बनवू शकेल, कोणता घातक जंतूंना रोखणारी प्रथिने तयार करू शकेल, कोणाला ज्वारीतला स्टार्च फोडता येईल, याचा अंदाज बांधता येतो. बीडच्या विरजणात काही अद्भुत दडले आहे असा दावा आम्ही करत नाही. पण वाचण्याआधीच पुस्तक जाळले तर त्यात काय होते हे कधीच कळणार नाही.

अशा वाचनातून काय हाती लागते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. दही आणि चीज बनवणाऱ्या कारखान्यांचा जुना शत्रू म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. ते शिरले की दूध नासते, टाक्याच्या टाक्या ओतून द्याव्या लागतात. डॅनिस्को या डॅनिश कंपनीतील रोडोल्फ बारांगू, फिलिप होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसचे अनेक वाण तपासले. विषाणूच्या हल्ल्यातून वाचलेला जिवाणू त्या विषाणूच्या जनुकाचा तुकडा स्वतःच्या जनुकसंचात जपून ठेवतो आणि पुढच्या हल्ल्यात शत्रूला ओळखतो, हे त्यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रयोगांनिशी दाखवले. हीच क्रिस्पर यंत्रणा. तिच्यातून पुढे घडलेल्या जनुकसंपादनाच्या तंत्राला २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जिवाणूंची ही प्रतिकारयंत्रणा दह्याच्या जिवाणूत सिद्ध करता आली, कारण कंपनीने वर्षानुवर्षे जपलेला वाणांचा संग्रह शास्त्रज्ञांच्या हाताशी होता. पुढे डॅनिस्को २०११ मध्ये ड्युपाँटच्या ताब्यात गेली. विरजण विकणारी दुसरी मोठी कंपनी क्रिश्चन हॅन्सन २०२४ मध्ये नोव्होझाइम्समध्ये विलीन झाली. जगभरच्या दह्याची बीजे अशी मोजक्या हातांत गोळा होत आहेत.

उलट वाटही आहे. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने १९०५ मध्ये दह्यातला जिवाणू वेगळा केला आणि देशाने आपली विरजणे जपली. जपानची मेजी कंपनी १९७३ पासून बल्गेरियाचे नाव घेऊन दही विकते आहे. आपल्याच देशात सिक्कीम विद्यापीठाचे ज्योतिप्रकाश तमांग यांनी गुंद्रुक, किनेमा अशा हिमालयातल्या आंबवलेल्या पदार्थांच्या सूक्ष्मजीवांचा अनेक दशके अभ्यास केला आहे. सिक्कीमच्या गुंद्रुकाला जे मिळाले ते मराठवाड्याच्या आंबिलाला का मिळू नये?

दुसरा धोका गोठ्यातला आहे. गाईचा सड सुजला की प्रतिजैविकांची ट्यूब सोडली जाते आणि औषधाचा अंश उतरण्याआधीच दूध विकायला जाते. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण औषध विरजणातल्या जिवाणूंनाही मारते. जे तग धरतात त्यांच्यात प्रतिकाराची जनुके असू शकतात. ती जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या प्लाझ्मिडवर असतील तर ती आपल्या आतड्यातल्या रोगजंतूंपर्यंत पोचण्याची भीती असते. आपले घरचे दही निर्धोक आहे की नाही, हे जनुकक्रमाशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. घरगुती ते चांगलेच, असे गृहीत धरून या प्रश्नाला बगल देणे आम्हाला मान्य नाही.

तिसरा प्रश्न मालकीचा. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. ते जमले, कारण हळदीचा तो उपयोग जुन्या संस्कृत ग्रंथांत आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत लिहून ठेवलेला होता. धारूरच्या एखाद्या घरातल्या विरजणाचा लेखी पुरावा कोण दाखवणार? २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक साधनसंपत्तीच्या व्याख्येत सूक्ष्मजीवही येतात, पण गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या पिके, झाडे, जनावरे आणि औषधी वनस्पतींभोवतीच फिरतात. संगणकावरच्या जनुकक्रमातून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी वाटा द्यावा, यासाठी २०२४ मध्ये कोलंबियातील काली शहरात एका जागतिक निधीचा निर्णय झाला. योगदान ऐच्छिक आहे, तरी त्याचा किमान अर्धा भाग मूलनिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी ठेवायचा आहे. ज्या गावाचे नाव कुठेच नोंदलेले नाही, त्या गावाकडे यातला रुपयाही वळणार नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कारण कोणीतरी पाठपुरावा करून कागद तयार केले.

केवळ जनुकक्रम साठवून भागणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. संगणकातल्या अक्षरांनी दूध साकळत नाही. जिवंत जिवाणू गोठवून ठेवावा लागतो आणि त्याच्याबरोबर गाव, दुधाचे जनावर, भांडे आणि विरजण जपणाऱ्या बाईची संमती यांची नोंद लागते. ही सोय बीडपासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. अंबाजोगाईजवळ डिघोळअंबा आणि गेवराईजवळ खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. नमुना गोळा करणे म्हणजे निर्जंतुक डबीत दोन चमचे दही घेऊन ते थंड पेटीतून पोचवणे. हे काम बचत गटाच्या महिला एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकतील आणि त्यांना त्याचे मानधन मिळायला हवे.

जिल्हा परिषदेने या संस्थांना एका टेबलाभोवती बसवावे आणि राज्य जैवविविधता मंडळाने सूक्ष्मजीवांचे वेगळे पान नोंदवहीत घालावे. विरजणाचे नमुने दसरा ते दिवाळी या दिवसांत, मजुरांच्या टोळ्या निघण्याआधी घ्यावे लागतील आणि आंबिलाचे वेळ अमावस्येला. प्रत्येक नमुना ज्या गावाचा, त्या गावाच्या जैवविविधता समितीच्या नावाने जमा व्हावा आणि अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे यावा. यासाठी लागणारी तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीतच व्हायला हवी, कारण एक गळीत हंगाम हुकला की त्या वर्षी कुलूप लागलेल्या घरांतले वाण पुढच्या वर्षी शोधूनही सापडणार नाहीत.