आधी वाट लिहून घ्या, सायकल मग

रविवारी पहाटे आरेच्या रस्त्यावर सायकलींची रांग लागते. डोक्यावर टोप्या, अंगाला चिकटलेले कपडे, सायकलला पाण्याची बाटली. ही माणसं वाईट नाहीत हे पहिल्यांदाच सांगतो. मोटार घेऊन येतात त्यांच्यापेक्षा शंभर पटीने बरी. धूर नाही, हॉर्न नाही, बाटल्या फोडणं नाही.

आता या मंडळींत एक नवी सायकल आली आहे, तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. डांबर सोडून खडीच्या नि मातीच्या वाटेने लांब जायला बनवलेली. टायर जाड, हँडल खाली वाकलेलं, किंमत बऱ्याचदा लाखाच्या पुढे. ही सायकल घेतली की माणूस एकच गोष्ट शोधत फिरतो: जिथे मोटार येत नाही अशी जंगलातली, डोंगरातली वाट.

अशी वाट मुंबईत कुठे आहे? बोरिवली नॅशनल पार्कात आहे, आरेत आहे, मुलुंड-भांडुपच्या डोंगराला आहे, येऊरला आहे. म्हणजे जिथे आपले पाडे आहेत तिथे. तिला ते रिकामी वाट म्हणतात, कारण तिच्यावर मोटार नाही. पण ती रिकामी कधीच नव्हती. पाण्याला जाणारी बाई तिच्यावर आहे, शाळेची पोरं आहेत, पावसाळ्यात शेवळी नि टाकळ्याला जाणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, वाघोबाला नारळ घेऊन जाणारे आहेत. मयत नेतात तीही हीच वाट. मोबाइलच्या नकाशात मात्र ती एक बारीक रेघ आहे. त्या रेघेला एकदा सायकलवाल्याने नाव दिलं की ती 'रूट' होते. मग तिथे कमान येते, तिकीट येतं, वेळ लागते, आणि एक दिवस वॉचमन आपल्याच बाईला विचारतो, तू इकडून कुठे चाललीस?

उगाच भीती घालतोय असं वाटेल, म्हणून मुंबईतल्याच दोन गोष्टी सांगतो.

पहिली पवईची. महापालिकेने पवई तलावाच्या कडेला सायकल ट्रॅक बांधायला घेतला. काठावर भराव पडला. काही लोक कोर्टात गेले आणि ६ मे २०२२ ला मुंबई हायकोर्टाने ते काम बेकायदा ठरवलं, ते काढून जागा पहिल्यासारखी करा असा हुकूम दिला. पाणथळ जागेचे २०१७ चे नियम तिथे उपयोगी पडले. सायकल हिरवी असते म्हणून तिच्या नावाने केलेलं बांधकामही हिरवं असतं असं नाही, हे कोर्टात ठरलेलं आहे.

दुसरी गोष्ट तानसा पाइपलाइनची. मुलुंडपासून घाटकोपरवरून शीवकडे जाणाऱ्या या पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा हायकोर्टाच्या हुकमाने मोकळी केली. कारण पाण्याच्या सुरक्षेचं होतं. झोपड्या गेल्या, पुष्कळ कुटुंबांना माहुलला, तेल कारखान्यांच्या शेजारी नेऊन टाकलं. तिथल्या हवेने लोक आजारी पडले, त्यांना आंदोलन करावं लागलं. आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर महापालिकेने काय जाहीर केलं? ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक. सायकलसाठी त्यांना उठवलं असं मी म्हणत नाही. पण माणूस उठला की रिकाम्या जागेवर शोभेचं काम लगेच सुचतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता कायद्याचं. हे नीट वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

नॅशनल पार्कात पाहुणा येतो तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली. पर्यटनासाठी परवाना मिळतो, तो साहेबाने द्यायचा आणि साहेबाने काढून घ्यायचा. आपलं तसं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्याला परवाना दिलेला नाही, आपला हक्क आहे तो मान्य करायला सांगितलं आहे. आणि हा कायदा नॅशनल पार्कालाही लागू आहे. कलम ३(१) मध्ये रानभाजी, चराई, मासे, पाणी सगळं आहे. वाट हा शब्द मात्र त्यात वेगळा लिहिलेला नाही. पण त्याच कलमात शेवटून दुसरं पोटकलम बघा, परंपरेने चालत आलेला इतर कोणताही हक्क, फक्त शिकार सोडून. आपली वाट तिथे बसते. मागायला हवी मात्र.

कारण १९२७ च्या वन कायद्याचं कलम २५ काय म्हणतं? राखीव वनातली वाट सरकारच्या मंजुरीने वन अधिकारी बंद करू शकतो, बदल्यात सोयीची दुसरी वाट असली की झालं. सोयीची कोणाच्या? आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन केली तेव्हा झाडं वाचली म्हणून आपणही आनंद केला, तो बरोबरच होता. पण त्याबरोबर हे कलमही आपल्या दारात आलं, ते कोणी सांगितलं नाही.

साहेब म्हणतील, मुंबईत ग्रामसभा कसली? त्यांना वनहक्क कायद्यातली गावाची व्याख्या दाखवा. जुनी वस्ती, मोजणी न झालेलं गाव, नोंद असो वा नसो, ते त्यात गाव धरलं आहे. पाडा म्हणजे जुनी वस्तीच की.

अजून एक. शाळा, अंगणवाडी, पाण्याची पाइप, विजेची तार, रस्ता अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, ग्रामसभेने शिफारस केली तर. त्या यादीत पर्यटन नाही. उद्या कोणी ट्रॅकलाच रस्ता म्हणेल, तेव्हा आपली शिफारस विचारा. आपण पाड्यात विजेचा खांब मागितला तर नॅशनल पार्क आड येतं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, शहर तेव्हापासून हे पाणी पितं, आणि शेजारच्या पाड्यातली बाई हंडा घेऊन चालते. तिच्या वाटेला खडी टाकायला कधी पैसे निघाले नाहीत. सायकलसाठी निघणार असतील तर आधी हंडा.

मग सायकलवाल्यांना हाकलायचं का? माझं मत, नाही. बैठकीत काही पोरांनी वाटेवर दगड टाकायची भाषा केली, ती मला पटत नाही. कान्हेरीच्या रस्त्यावरच्या मोटारी बंद करायच्या तर हेच लोक आपल्या बाजूने बोलतील. आपली पोरंही सायकलवरच शाळेत जातात. स्कॉटलंड नावाच्या देशात २००३ साली कायदा झाला, रानातून पायी किंवा सायकलने कोणीही फुकट जावं. पण पेरलेल्या शेतातून नाही आणि कोणाच्या घराच्या अंगणातून नाही. तेवढंच आपण मागतो. ठाण्याच्या, वाघोबाच्या, मयताच्या जागेवरून रूट नको. काँक्रीट नको, तारेचं कुंपण नको, आपल्या माणसाला तिकीट नको. वाट दाखवायचं, दुरुस्त करायचं काम निघालं तर मजुरी पाड्यालाच. आणि अंधारात कोणी येऊ नये. पहाटे नि सांजेला बिबट्या याच वाटेने चालतो. एखाद्या पाहुण्याला काही झालं तर पिंजरा आपल्या पाड्याशेजारी लागेल आणि बोट आपल्याकडे दाखवतील.

पण हे सगळं बोलायला कागद लागतो. सामूहिक दाव्यात प्रत्येक वाट नावासकट लिहा: कुठून निघते, कुठे जाते, कोण कशाला वापरतं. वाटेवरची विहीर, देव, जुनं झाड, मसणवट हे नियमाप्रमाणे पुरावे आहेत. म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे, फक्त दावा करणाऱ्याचा स्वतःचा चालत नाही. ग्रामसभेत निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया, नाहीतर ठराव फेटाळायला निमित्त मिळेल. तशाही वाटा बायांनाच जास्त ठाऊक. पुढच्या बैठकीला नकाशाचा मोठा कागद आणि खडू संघटनेकडून येतील. तुम्ही म्हातारीला घेऊन या, आणि जमलं तर दिवसा उजेडी तिच्यासोबत एकदा वाट चालून या.