चाचणीचे दिवस जातात कुठे?

नरिमन पॉइंटच्या 1970 च्या दशकातल्या इमारती असोत, फोर्टातली जुनी कचेरी असो की लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर उभी राहिलेली ऑफिसे, मुंबईत जुनी व्यापारी इमारत आतून नवी करण्याचे काम आता बारमाही चालते. अशा कामाच्या वेळापत्रकात अगदी शेवटी एक ओळ असते, ‘टेस्टिंग अँड कमिशनिंग’. वातानुकूलन, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, पाण्याचे पंप, अग्निशमनाचे पाइप हे सगळे एकत्र चालवून पाहण्याचा हा काळ. कागदावर त्याला दोन-तीन आठवडे दिलेले असतात. मग पाडकाम लांबते, संगमरवर उशिरा येतो, महापालिकेची परवानगी अडकते. उद्घाटनाची तारीख मात्र हलत नाही, त्यामुळे हरवलेला प्रत्येक दिवस या शेवटच्या ओळीतून कापला जातो. ठेकेदाराला दोष देणे सोपे असते. पण हे दिवस कापण्याला संमती मालकाची असते, आणि ती द्यायची सोय त्याला कंत्राटच करून देते. म्हणून चाचणीचे आठवडे कंत्राटातच राखीव हवेत, आणि या सगळ्या यंत्रणांची जबाबदारी पहिल्या दिवसापासून एकाच अभियंत्याकडे हवी.

एकच का, हे पाहायला एक साधी साखळी पुरेशी आहे. मजल्यावर धूर झाला की डिटेक्टरने पॅनेलला कळवायचे, पॅनेलने त्या मजल्याचे एएचयू, म्हणजे थंड हवा फेकणारे मोठे युनिट बंद करायचे, डक्टमधले फायर डॅम्पर मिटवायचे आणि जिन्यात ताजी हवा दाबणारा पंखा सुरू करायचा. पॅनेल अग्निशमनाच्या ठेकेदाराचे, एएचयूचा स्टार्टर विजेच्या ठेकेदाराचा, डॅम्पर एसीवाल्याचा. पॅनेलपासून स्टार्टरपर्यंत जाणारी दोन तारांची साधी वायर कोणाची? तिघांच्याही ड्रॉइंगवर तिथे ‘बाय अदर्स’ लिहिलेले सापडते. तिघांचे काम आपापल्या परीने पूर्ण असते, तिघांची बिले मंजूर होतात, आणि ती वायर कोणीच ओढलेली नसते. ही चूक कोणत्याही एकाच्या तपासणीत दिसत नाही. तिघांना एका वेळी उभे करून डिटेक्टरजवळ धूर सोडला तरच दिसते. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 रोजी तळघरातल्या आगीचा धूर वातानुकूलनाच्या डक्टमधून आणि जिन्यांतून वरच्या वॉर्डांत शिरला. सुमारे 90 जण दगावले, आणि त्यांत बहुतेक रुग्ण होते. तिथे नूतनीकरण चालू नव्हते, तळघराच्या गैरवापरासह कारणेही अनेक होती. पण आग एका मजल्यावर असताना डक्ट काय करू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

नव्या बांधकामात यंत्रणांना जागा आखून मिळते. जुन्या इमारतीत ती शोधावी लागते. मजल्याची उंची मुळात कमी, त्यात खाली उतरलेला बीम. त्याखालून डक्ट, त्यावरचे इन्सुलेशन, स्प्रिंकलरचा पाइप आणि केबल ट्रे न्यायचे म्हटले की फॉल्स सीलिंग डोक्याला लागायची वेळ येते. आणि हे उघड होते कधी, तर इंटिरियर डिझायनरने सीलिंगची उंची मालकाकडून पास करून घेतल्यावर. मग डक्ट चेपला जातो. चेपलेल्या डक्टमधून तेवढीच हवा ढकलायची तर पंख्याला जास्त दाब लागतो, आवाज वाढतो, आणि शेवटच्या टोकाच्या टेबलापर्यंत गारवा पोचतच नाही. भर मे महिन्यात एएचयूजवळची माणसे शाल पांघरून बसलेली आणि खिडकीकडची टेबल फॅन लावून, हे दृश्य ज्या ऑफिसात दिसते तिथे हवेचे संतुलन कधी केलेलेच नसते. संतुलन म्हणजे प्रत्येक झरोक्याशी मीटर धरून हवा मोजायची आणि डॅम्पर थोडा-थोडा फिरवायचा. कंटाळवाणे, दिवसेंदिवस चालणारे काम, म्हणून सर्वांत आधी तेच गाळले जाते. पाइपांचेही तसेच. एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या चिलरच्या जुन्या लाइनला नवा फाटा जोडला आणि लाइन नीट धुतली नाही, तर वर्षानुवर्षांचा गंज सुटून नव्या कॉइलच्या गाळण्यांत आणि बारीक व्हॉल्व्हांत जाऊन बसतो. नवी यंत्रणा महिन्याभरात जुनी वाटू लागते, आणि शिव्या खातो कंपनीचा सर्व्हिसवाला.

चाचणीचे आठवडे राखून ठेवण्यावर बिल्डरांचा आक्षेप पैशाचा असतो आणि तो खोटा नाही. समजा, 50,000 चौरस फुटांची जागा आहे आणि भाडे चौरस फुटाला महिना 150 रुपये. दोन आठवडे ती रिकामी ठेवली की 35 लाखांच्या आसपास उत्पन्न बुडाले. पण हा हिशेब अर्धाच मांडला जातो. सीलिंग बंद झाल्यावर, खाली माणसे बसलेली असताना डॅम्पर शोधायचा म्हणजे रात्रपाळी, टेबलांवर प्लॅस्टिक, तुटलेल्या टाइल्स आणि भाडेकरूचे तक्रारीचे पत्र. शिवाय असंतुलित यंत्रणेचे फुगलेले वीजबिल दर महिन्याला. शिवाय भाडेकरूला सजावटीसाठी भाडेमुक्त काळ द्यायची पद्धत आहेच. त्यातलाच काही काळ चाचणीसाठी करारात लिहून ठेवला तर 35 लाखांचा प्रश्न बराच लहान होतो. दुसरा आक्षेप असा, की अभियंत्याने पहिल्या दिवसापासून जुन्या यंत्रणा तपासायच्या, तर चालू ऑफिसात आधीच छत उघडून पाहणार कसे? सगळे उघडायची गरज नाही. रविवारी मोजक्या जागी सीलिंग काढावे, शाफ्टमध्ये उतरावे, मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाहावा. तीस वर्षे न फिरलेला व्हॉल्व्ह बंद होत नाही, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी कळलेले बरे. नाहीतर एका मजल्याच्या जोडणीसाठी सगळ्या इमारतीचे पाणी तोडावे लागते. चिलर आर-22 या जुन्या शीतक वायूवर चालतो का, हेही तेव्हाच पाहावे. मॉन्ट्रियल करारानुसार तो वायू 2030 पासून जुन्या यंत्रांच्या थोड्या दुरुस्तीपुरताच उरणार आहे. असा चिलर जागेवर ठेवून त्याच्याभोवती कोट्यवधींची सजावट करणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

तिसरा आक्षेप कायद्याच्या आडून येतो. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे, परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो, मग आणखी चाचणी कशाला? कायदा चांगला आहे, पण त्या प्रमाणपत्राचा भर आगीच्या साधनांवर असतो. दोन प्रमाणपत्रांच्या मधल्या काळात भाडेकरू काचेची केबिन उभारतो. स्प्रिंकलर भिंतीच्या एका बाजूला राहतो, परतीच्या हवेची जाळी दुसऱ्या. पंप चालतो, पाइपात दाब असतो, आणि केबिनमध्ये एकही स्प्रिंकलर नसतो. म्हणून दोन छोट्या गोष्टी आजच करता येतील. मालकाने ठेकेदाराच्या शेवटच्या बिलातला डोळ्यांत भरेल असा हिस्सा, समजा दहा टक्के, एकत्रित चाचणीच्या सहीशिवाय सोडू नये, आणि ती सही ठेकेदाराकडून पैसे न घेणाऱ्या अभियंत्याची असावी. आणि अग्निशमन दलाने नूतनीकरणानंतरच्या पहिल्या ‘फॉर्म बी’सोबत त्या चाचणीची नोंद मागावी: कोणत्या मजल्यावर धूर सोडला, किती सेकंदांत एएचयू थांबले, कोणता डॅम्पर मिटला नाही.